हुरडा संपल्यावर काय वाढायचं? करमाळा तालुक्यातल्या एका शेतजेवणाचं प्रकरण

गावाचं आणि कुटुंबाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. पैशांचे आकडे कुटुंबाच्या वहीतले आहेत, फक्त पूर्णांकात केले आहेत. घरात ज्यांना जसं हाक मारतात तसंच इथे म्हटलं आहे: थोरले भाऊ आण्णा, त्यांच्या पत्नी मोठ्या वहिनी, धाकटे भाऊ बापू आणि दोघांची आई, म्हणजे आजी.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका म्हणजे एका नावाखाली दोन मुलूख. उजनी धरणाच्या फुगवट्याकडेची गावं ऊस आणि केळीची, तिथे कंटेनर येऊन केळी परदेशात जातात. दुसऱ्या अंगाला गेलं की विहिरी खोल आणि पिकं तीच जुनी: ज्वारी, तूर, हरभरा, जमलं तर कांदा. हे कुटुंब दुसऱ्या अंगाचं. अकरा एकर रान, एक विहीर, कागद अंथरलेलं एक शेततळं, दोन म्हशी, बांधावर शेवगा, बोर आणि चिंच.

बापू चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आले ते आलेच. कँटीनमध्ये शेकडो ताटांचा अंदाज घ्यायची सवय लागलेली, त्यामुळे २०२१ च्या थंडीत त्यांनी रानातच हुरडा सुरू केला. पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. आगटीच्या खड्ड्यात गोवऱ्यांवर भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, सुपात चोळून गरम गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस आणि दुपारी चुलीवरचं जेवण. माणशी ४०० रुपये. पहिले दोन हंगाम चांगले गेले. घरच्या बायकांचं काम मात्र वहीत कुठेच नव्हतं. ते पुढे येईलच.

हुरड्याचा धंदा डिसेंबर ते फेब्रुवारीचा. उरलेले नऊ महिने बसून काय करायचं, या विचाराने बापूंनी सहा लाखांचं कर्ज काढलं, पत्र्याची मोठी शेड, फरशी, संडास-बाथरूम बांधलं आणि २०२३ च्या गुढीपाडव्याला बारमाही हॉटेल सुरू केलं. कर्जाचा हप्ता महिन्याला तेरा हजारांच्या आसपास. रस्त्यावर पाटी लागली: ‘शेतातून थेट ताटात’. मेनूकार्डावर अडतीस पदार्थ.

कागदपत्रांत अडचण नव्हती. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत होती, त्यामुळे त्या वेळच्या नियमाप्रमाणे अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरेशी होती. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणीही त्यांनी केली होती. घोळ झाला तो ताटातल्या भाज्यांनी.

अडचण

अडतीस पदार्थांमधले शेतातले किती? एप्रिलमध्ये मोजले तेव्हा नऊ निघाले. पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, मटार-फ्लॉवर हे सगळं करमाळ्याच्या बाजारातून यायचं. तिथे ते आणखी कुठून तरी आलेलं असायचं. विहीर मार्च संपता संपता तळाला गेली होती. वाफ्यातली मेथी-कोथिंबीर तर होळीलाच संपली.

मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. हेच लोक जानेवारीत हुरड्याला येऊन गेले होते, म्हणून आजीला भेटायला चुलीपाशी गेले. त्यांच्यातल्या बाईंनी सहज विचारलं, “वहिनी, ही ढोबळी मिरची कुठल्या रानातली ओ?” वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कुठल्या रानातली, बाजारातली हाय ती. रानात सध्या प्यायला पाणी न्हाई.”

पाहुणे हसले, जेवले, पैसे देऊन गेले. भांडण झालं ते त्यांच्या मागे. बापूंचं म्हणणं, गिऱ्हाइकापुढे असं बोलायची काय गरज होती? वहिनींचं म्हणणं, मग काय पाटीसारखं खोटं बोलू? आण्णा गप्प बसले. घरात आठवडाभर याच्यावरून धुसफूस चालली.

प्रश्न खरेपणाचा होता तसा पैशाचाही होता. मार्च ते जून २०२३ मध्ये हॉटेलात ३ लाख १० हजार रुपये आले आणि ३ लाख ३० हजार गेले. त्यात दोघी जावांची मजुरी धरलेली नाही आणि कर्जाचे हप्तेही नाहीत. अडतीस पदार्थांसाठी फ्रीज भरून ठेवावा लागायचा. सोमवार ते शुक्रवार चार टेबलंही भरायची नाहीत आणि शनिवारी आणलेला माल बुधवारी म्हशींपुढे जायचा.

वर त्या वर्षीचा पाऊस. ऑगस्ट २०२३ महाराष्ट्रात कोरडा गेला, उजनी धरण भरलंच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात करमाळाही होता. म्हणजे हुरड्याचा हंगामही धोक्यात आणि बारमाही हॉटेलचा पायाच कोरडा.

समोरचे पर्याय

सप्टेंबरात घरात बैठक झाली. पहिला पर्याय बापूंचा होता: पाटी उतरवायची, सरळ ढाबा चालवायचा. लोकांना पनीर हवंय, पनीर द्यायचं. यात अप्रामाणिक काही नव्हतं. पण त्यांचं गाव हमरस्त्यापासून आत. पनीर खायला कुणी सात किलोमीटर आत वळत नाही, हे बापूंनाही पटलं.

दुसरा पर्याय, हुरडा संपला की शेड बंद. मग हप्ता कशातून भरायचा? तो लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय भाजीपाला वाढवायचा: ठिबक टाकायचं, टँकरने शेततळं भरायचं. आण्णांनी टँकरचा भाव आणि फेऱ्या कागदावर मांडल्या आणि तो कागद स्वतःच फाडला. दुष्काळात टँकरचं पाणी माणसांना आधी लागणार होतं. पैसे असते तरी हे करू नये, असं माझं मत आहे.

चौथा पर्याय आजीकडून आला, तोही जवळजवळ ओघात. “उन्हाळ्यात भाजी कवा खाल्ली आपन? सांडगं, शेंगुळं, माडगं, डाळकांदा. भाजीचं कौतुक पावसाळ्यात.” या वाक्याने सगळी चर्चा फिरली. कोरडवाहू घराचा उन्हाळी स्वयंपाक साठवणीवरच उभा असतो. कणगीत ज्वारी, गाडग्यात हुलगे आणि मटकी, डब्यात वाळवलेली गवार आणि सांडगे, माळ्यावर कांदा-लसूण, बरणीत चिंच. ओलं म्हणाल तर शेवग्याच्या शेंगा, कैरी आणि ताक. यातलं जवळजवळ सगळं त्यांच्याच रानातलं होतं आणि अडतीस पदार्थांच्या कार्डावर त्यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

मग चौथा पर्याय असा घडला: मेनूकार्ड रद्द करायचं, एकच ताट, ते ऋतूप्रमाणे बदलणारं. उन्हाळ्यात फक्त शनिवार-रविवार, तेही आदल्या दिवसापर्यंत फोन करून. जे घरचं नाही ते गावातून, तेही नाही मिळालं तर बाजारातून आणायचं, पण सांगून.

बापूंना यात दोन शंका होत्या आणि दोन्ही रास्त होत्या. फोन न करता आलेल्या गाडीला परत पाठवायचं का? आणि हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, प्यायला पुण्याचा माणूस पैसे मोजील का? पहिलीवर असं ठरलं की अचानक आलेल्याला पिठलं-भाकरी मिळेल, ताट मिळणार नाही. दुसरीचं उत्तर उन्हाळा आल्याशिवाय कळणार नव्हतं.

काय केलं: पेरणीपासून सुरुवात

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग स्वयंपाकघरात घडला नाही, तो पेरणीच्या वेळी घडला.

हुरड्याला जमीन फार लागत नाही. ४५ बाय १५ सेंटिमीटरवर ज्वारी पेरली तर गुंठ्यात दीड हजाराच्या आसपास धाटं बसतात. कीड, पाखरं, विरळ उगवण हे सगळं वजा करून हजार कणसं हाती लागली असं धरा. माणशी पाच कणसं दिली तरी एका गुंठ्यात दोनशे माणसांचा हुरडा होतो. अकरा एकरवाल्याला गुंठ्यांची काय चिंता?

चिंता असते तारखेची. दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकून मऊ पण भरलेला असतो, तेवढ्या आठ-दहा दिवसांतच हुरडा. अलीकडे पाणी, पलीकडे कडक ज्वारी. पेरणीपासून तिथवर साधारण ९५ दिवस लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण आहेत. गावठी गुळभेंडीही चालते. मालदांडी भाकरीला उत्तम, हुरड्याला तेवढी नाही. २५ डिसेंबरला हुरडा हवा तर २१ सप्टेंबरच्या सुमारास पेरणी, २६ जानेवारीला हवा तर २३ ऑक्टोबरच्या. थंडी वाढली, आभाळ आलं की हुरड्याची तारीखही मागे-पुढे सरकते. आधीची दोन वर्षं एकदाच पेरलं होतं आणि नशिबाने साधलं होतं.

या वेळी विहिरीच्या पाण्यावर भागेल एवढंच, वीस गुंठे रान हुरड्यासाठी ठेवलं आणि त्याचे पाच तुकडे केले. आठ-आठ दिवसांनी एकेक तुकडा. शिवाय विहिरीला पाणी असलेल्या दोन शेजाऱ्यांशी बोलणं केलं. त्यांच्या रानातली उभी ज्वारी गुंठ्याच्या भावाने घ्यायची, किलोच्या नव्हे. किलोने घेतली तर शेजारी कणसं जड होईपर्यंत थांबतो आणि हुरड्याची वेळ निघून जाते. हा मुद्दा आण्णांचा, आणि अशी व्यवस्था उभी करणाऱ्या कुणीही तो टिपून ठेवावा.

शेडमध्ये मेनूकार्डाच्या जागी शाळेतला काळा फळा लागला. तीन रकाने: घरचं, गावातलं, बाजारचं. रोज सकाळी बापूंची मुलगी खडूने लिहायची. तेल, साखर, चहापत्ती कायम तिसऱ्या रकान्यात. रस्त्यावरची पाटी मात्र तशीच राहिली. ती बदलायला बापू तयार नव्हते.

आणखी एक बदल वहिनींच्या आग्रहाने झाला. भाकरीला बाहेरून येणाऱ्या चार बायकांना दिवसाला तीनशे रुपये मिळत होते. “मग आमास्नी का न्हाई?” हा प्रश्न त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारला. तेव्हापासून दोघी जावांच्या नावाने तेवढेच पैसे वहीत खर्ची पडू लागले आणि त्यांच्या बँक खात्यात जमाही होऊ लागले. अनेक शेतजेवणांचा नफा म्हणजे घरच्या बायकांची न दिलेली मजुरी असते. हिशेबात ती धरली की धंद्याचं खरं रूप दिसतं.

कसोटीचा क्षण: नाताळची सुट्टी

२३ ते २५ डिसेंबर २०२३, शनिवार ते सोमवार, सलग सुट्टी. तीन दिवसांचं मिळून चारशे वीस माणसांचं बुकिंग नोव्हेंबरातच झालं होतं, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. हे सगळे पहिल्या तुकड्यावर अवलंबून.

पहिल्या तुकड्यात खोडमाशी पडली, निम्म्याहून जास्त धाटांची पोंगेमर झाली, म्हणजे मधला पोंगाच वाळून गेला. जी वाचली त्यांच्यावर पंचक्रोशीतली पाखरं उतरली, कारण आसपास दाणा भरलेलं तेवढंच एक रान होतं. राखणीला मचाणावर पोरं बसवली, गोफणी फिरल्या, तरी जायचं ते गेलं. नोव्हेंबरच्या शेवटी राज्यात बऱ्याच भागांत अवकाळी आली. त्या ओलीने दुसऱ्या तुकड्याला जीव दिला, पण ढगाळ हवेत तोही पाच-सहा दिवस मागे पडला. वीस डिसेंबरला आण्णांनी रानातून चक्कर मारली आणि सांगितलं: पहिल्या तुकड्यात फार तर दीडशे माणसांचा हुरडा आहे. दुसरा पहिल्या तारखेच्या पुढे.

हाताशी तीन दिवस होते. एका व्यापाऱ्याने लांबच्या जिल्ह्यातून कणसं टेम्पोने आणून द्यायची तयारी दाखवली. भाव चढा, पण परवडणारा. बापूंनी जवळजवळ हो म्हटलं होतं. आगटीत भाजलेलं कणीस कुठल्या रानातलं, कोण ओळखणार? खरंच कुणी ओळखलं नसतं.

अडवलं ते फळ्याने. त्या दिवशी हुरडा कुठल्या रकान्यात लिहायचा, असं मुलीने विचारलं. तिसऱ्या रकान्यात हुरडा लिहून तीन दिवस गाड्या रांगेत उभ्या करायच्या, हे बापूंनाच बघवेना.

एकवीस तारखेला बापू आणि त्यांच्या मुलीने सगळ्या गटांना फोन केले. बोलणं आधी कागदावर लिहून घेतलं होतं: या वर्षी पहिला हुरडा कमी आहे. प्रत्येकाला चवीपुरता मिळेल. पोटभर हरभऱ्याचा हावळा (आगटीत भाजलेले हिरवे घाटे), ऊस, बोरं आणि जेवण असेल. माणशी शंभर रुपये कमी घेऊ. पटत नसेल तर आगाऊ रक्कम आजच परत, किंवा जानेवारीतली तारीख घ्या. साठ गटांपैकी नऊ जणांनी पैसे परत घेतले, अकरा जानेवारीत सरकले, बाकीचे आले. एक-दोघांनी फोनवर चांगलंच सुनावलं.

हावळ्याचा उपाय वरवर साधा दिसतो, पण तोही उभ्या पिकावर होता. आण्णांनी हरभऱ्याचा एक पट्टा आधी पेरला होता म्हणून घाटे भरलेला डहाळा डिसेंबरात हाती होता. उपटून तसाच आगटीत टाकायचा, पाला जळतो, घाटे आतल्या आत शिजतात. हात काळे होतात. लहान मुलांना हुरड्यापेक्षा हेच आवडलं, असं वहिनी सांगतात.

काय निष्पन्न झालं

जानेवारी-फेब्रुवारी नीट पार पडले. चौथ्या आणि पाचव्या तुकड्यांच्या मध्ये एक रविवार कोरडा गेला, तेव्हा शेजाऱ्याची ज्वारी कामाला आली. दुसऱ्या शेजाऱ्याने मात्र ऐनवेळी जास्त भाव देणाऱ्या दुसऱ्या हुरडावाल्याला रान दिलं. त्याच्याशी नुसतं तोंडी बोलणं झालं होतं, पैसे दिलेले नव्हते. त्याला दोष देता येत नाही. हंगामात एकूण सोळाशेच्या आसपास माणसं जेवली.

उन्हाळा २०२४ हा खरा निकाल. मार्च ते जून आले १ लाख ९० हजार, आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ कमी. पण दोघी जावांची मजुरी धरून, सगळा खर्च जाता ४५ हजार उरले. चार महिन्यांचे हप्ते बावन्न हजारांचे, म्हणजे सात हजार हुरड्याच्या कमाईतून घालावे लागले. आदल्या वर्षी हप्त्यांआधीच वीस हजारांची तूट होती.

माडग्याचं काय झालं? अर्ध्या लोकांनी वाटी तशीच ठेवली. शेंगुळ्यांनी मात्र बाजी मारली. हुलग्याच्या पिठाचे ते वळलेले तुकडे लसणाच्या फोडणीच्या रश्श्यात. लोक दुसऱ्यांदा मागायचे आणि विकत मिळतील का विचारायचे. सांडग्याची भाजी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, कैरीचा तक्कू हेही चाललं. माडगं मेपासून ताटातून काढून मागितल्यास द्यायचं ठरलं.

पनीर नाही म्हणून परत गेलेल्या गाड्या होत्याच. बापू त्यांची नोंद ठेवत होते, कदाचित पुढच्या वादासाठी.

वेगळं काय करता आलं असतं

कर्ज आधी आणि ताट नंतर, हा क्रम उलटा व्हायला हवा होता. एक उन्हाळा जुन्या मांडवाखाली, एकाच ताटावर काढला असता तर शेड निम्म्या आकाराची पुरली असती. बारमाही हॉटेल काढताना बापूंनी हिशेब गिऱ्हाइकांचा केला. विहिरीचा आणि कणगीचा केला नाही.

पहिल्या तुकड्याच्या भरवशावर आगाऊ पैसे घ्यायला नको होते. सगळ्यात लवकरची पेरणी सगळ्यात धोक्याची असते, खोडमाशी आणि पाखरं दोन्ही तिच्यावरच येतात. सुट्टी तिथेच पडते हे खरं. पण मग बुकिंग निम्म्यावर थांबवायचं आणि फोनवर पहिल्यापासून ‘हुरडा किंवा हावळा’ असं बोलायचं. २०२४ च्या हंगामात त्यांनी तेच केलं. पहिला तुकडा दुप्पट पेरला आणि त्याच्यावर आदल्या वर्षीपेक्षा कमी माणसं घेतली.

शेजाऱ्याला ऑक्टोबरातच निम्मे पैसे द्यायला हवे होते, हे सरळ आहे. पण ऑक्टोबरात हातात पैसा नसतो, हेही तितकंच सरळ. आता बुकिंगच्या आगाऊ रकमेतला ठरावीक भाग थेट शेजाऱ्यांना जातो.

फळ्याबद्दल घरात अजून एकमत नाही. तिसरा रकाना वाचून नाक मुरडणारे लोक असतात, असं बापूंचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. गिऱ्हाईक आधी जेवू दे, फळा बाहेर जाताना दिसेल असा लावू, अशी तडजोड त्यांनी सुचवली. वहिनींनी ती मान्य केली नाही. रस्त्यावरच्या पाटीचं म्हणाल तर आण्णा ‘थेट’ हा शब्द पुसून घ्या म्हणतात, बापू रंगाऱ्याला बोलावत नाहीत, आणि २०२५ चा पाडवा येईपर्यंत पाटी होती तशीच होती.